चौक्यातली शुद्धी आणि ब्लाऊजचा वास

गेल्या चातुर्मासात आमच्या सीमाभागातल्या एका गावी महाराजांचा मुक्काम होता. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही त्या एका गावाला नावं ठेवाल आणि आपापल्या गावाला मोकळं सोडाल.

सकाळची आहाराची वेळ. चौका लागलेला, दारात बायका कलश-श्रीफळ घेऊन पडगाहनाला उभ्या. सगळ्यांच्या अंगावर महिला मंडळानं दिलेली एकसारखी केशरी साडी, त्याच कापडाचं ब्लाऊज. त्या रांगेतल्या एका तरुण सुनेजवळ एक जाणत्या अक्का गेल्या आणि म्हणाल्या, "तू जरा मागं थांब गं. आंघोळ केली असशील, खरं वास येतोय की." हळूच म्हणाल्या, पण दहाजणींना ऐकू गेलं. तिच्या हातातला कलश दुसरीनं घेतला. महाराज आले, आहार निरंतराय झाला, जयजयकार झाला. ती मागच्या पडवीत खांबाला टेकून उभी होती. मी तिला बघितलं आणि काही बोलले नाही. हे मी आधीच कबूल करते, म्हणजे पुढं मी जे बोलणार आहे ते कुणाला उंचावरून बोलल्यासारखं वाटू नये.

ही मुलगी शाळेत शिकवते. पहाटे चारला उठून, गाळलेल्या पाण्यानं आंघोळ करून, आदल्या दिवशी धुऊन कुणाचा हात न लागलेले कपडे नेसून ती चौक्यात आली होती. आणखी कसली शुद्धी करायची राहिली होती?

आठ-दहा दिवसांनी ती माझ्याकडं आली. पिशवीत ते ब्लाऊज. "काकू, तुम्हीच बघा. मी दिवसातनं दोनदा आंघोळ करते. आता तिसऱ्यांदा करू काय?" लिंबू चोळून चोळून तिच्या काखा सोलवटल्या होत्या, त्यावर फवाऱ्याचं अत्तर मारून आग होत होती. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. बस्तीत जायचं बंद केलं होतं.

मी ब्लाऊज नाकाशी धरलं. साबणाचा वास, बाकी काही नाही. मग इस्त्री लावली, ब्लाऊज उलटं केलं आणि काखेच्या शिवणीवर इस्त्री टेकवली. आणि आला की तो वास! उग्र, आंबूस, चिरलेल्या कांद्यासारखा. सात पिढ्या कांदा न शिवलेल्या घरातलं ब्लाऊज आणि वास कांद्याचा. आम्ही दोघी हसलो, आणि मग ती रडली.

तर बायांनो, आता नीट ऐका. वास तिच्या अंगाला नव्हता. धुऊन, वाळवून, घडी घातलेल्या कापडात तो बसलेला होता. अंगावर घातलं, चुलीपाशी अंग तापलं, की इस्त्री लावल्यासारखा तो वर यायचा. तिनं दहा वेळा आंघोळ केली असती तरी तो आला असता.

घामाला मुळात वास नसतो. हे वाचून पुष्कळजणी नाक मुरडतील, पण खरं आहे. अंगभर जो घाम येतो तो पाणी आणि मीठ. काखेत आणि जांघेत दुसऱ्या जातीच्या ग्रंथी असतात, त्या वयात आल्यावर कामाला लागतात. त्यांच्यातून येणारा दाटसर द्रवसुद्धा आला तेव्हा बिनवासाचाच असतो. आपल्या कातडीवर कायम वस्तीला असलेले जंतू तो खातात आणि त्यातून वासाची द्रव्यं होतात. काही आंबट, काही गंधकाची. कांद्यासारखा वास येतो तो या गंधकाच्या द्रव्यांमुळं. कुणाच्या काखेत कुठले जंतू जास्त, यावर वास कमीजास्त. चीन-कोरियाकडच्या बहुतेक माणसांत एका जनुकाच्या फरकामुळं काखेचा वास जवळजवळ नसतोच. आता त्यांनी काय आपल्यापेक्षा जास्त पुण्य केलं होतं? की ते आपल्यापेक्षा जास्त वेळा आंघोळ करतात?

हा वास कापडात किती टिकतो ते कापडावर आहे. सूत पाणी पितं. कोरड्या दिसणाऱ्या शंभर ग्रॅम सुतात सात-आठ ग्रॅम ओल असतेच. पॉलिस्टरमध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा नसते. त्याला पाण्याचं वावडं आणि तेलाची ओढ. अंगाचा तेलकटपणा आणि त्याबरोबरची वासाची द्रव्यं ते घट्ट धरून ठेवतं, आणि थंड पाण्यातला साबण तिथपर्यंत पोचतच नाही. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात काही लोकांनी हे तपासलं होतं, २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. सव्वीस माणसांना जागच्या जागी सायकल मारायला लावून घाम काढला आणि त्यांचे सदरे दुसऱ्या दिवशी हुंगले. सुती सदऱ्यांपेक्षा पॉलिस्टरच्या सदऱ्यांना जास्त वाईट वास होता, आणि वास करणाऱ्या एका जातीचे जंतू पॉलिस्टरवरच चांगले पोसले होते. सायकल मारली दोन्ही गटांनी सारखीच.

मंडळाची ती केशरी साडी कशाची होती, सांगायला पाहिजे काय?

आता या साड्या आल्या कुठून, ते बघा. आपल्यातल्या कितीतरी बायकांनी रेशीम सोडलं. कोशातले किडे उकळून मारायचे आणि ते नेसून देवापुढं उभं राहायचं, हे मनाला पटेना म्हणून सोडलं. चांगलं केलं. मीही सोडलं. पण रेशीम सोडलं आणि रेशमाची हौस मात्र धरून ठेवली. मग रेशमासारखं चमकणारं, न चुरगळणारं, दोनशे-तीनशे रुपयांत मिळणारं पॉलिस्टर घरात आलं आणि त्याला आम्ही 'अहिंसक साडी' म्हणायला लागलो. ते कापड प्रत्येक धुण्याला बारीक बारीक तंतू सोडतं, डोळ्यांना न दिसणारे, आणि ते गटारातून ओढ्याला, ओढ्यातून नदीला जातात. पिण्याचं पाणी गाळून त्यातले जीव परत विहिरीत पोचवणारे आपण. धुण्याच्या पाण्याचं काय? एवढं सुती कापड असताना आपल्याला पेट्रोलियमचं कापड नेसून अहिंसा का पाळावी लागते, हा प्रश्न मी आमच्या मंडळात विचारला तर खजिनदारबाई म्हणाल्या, "सुती साडीला खळ लागते वो, फोटोत एकसारखं दिसत नाही."

फोटोसाठी.

ब्लाऊजची गोष्ट तर साडीहून वाईट. माझी आई टू बाय टू रुबियाचं ब्लाऊज घालायची. काखेत वेगळा सुती तुकडा लावून शिवून घ्यायची, तो विरला की उसवून दुसरा लावायची. एकदा अंगावरून काढलेलं ब्लाऊज धुतल्याशिवाय परत अंगात नाही. आता आपण घालतो ती तयार ब्लाऊजं. आत पॉलिस्टरचं अस्तर, छातीला स्पंजाचे पॅड, बाहेर टिकल्या. पाण्यात घालायची सोयच नाही, म्हणून ती धुतच नाही. चार लग्नं, दोन पूजा आणि एक डोहाळजेवण झालं तरी ते ब्लाऊज तसंच हँगरला लावून कपाटात जातं, वर अत्तर मारून. खोटं असेल तर सांगा. आणि मग दुसरीच्या काखेचा वास आपल्याला येतो!

त्या मुलीच्या ब्लाऊजवर आम्ही दोघींनी तीन रविवार घालवले. काय केलं ते सांगते, कारण या बाबतीत बायका एकमेकींना जे उपाय सांगतात त्यातले निम्मे फुकट आहेत.

सगळ्यात फुकट म्हणजे खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालणं. फेस येतो, बरं वाटतं. एक खार, एक आम्ल. दोघांनी एकमेकांना संपवलं की उरतं खारट पाणी. सोडा वेगळा वापरा, आंबट वेगळं. आधी ब्लाऊज उलटं करायचं, कारण घाण आतल्या बाजूला असते आणि आपण जन्मभर बाहेरची बाजू घासत आलोय. कोरड्या काखेवरच कपडे धुण्याचं द्रव किंवा भांडी घासायच्या द्रवाचे चार थेंब चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, म्हणजे तेलकटपणा सुटतो. मग कोमट पाणी, हाताला सोसेल एवढं. थंड पाण्यात तेल सुटत नाही. तुपाची वाटी थंड पाण्यानं धुऊन बघा, मग कळेल. सुती असेल तर पाणी आणखी कढत चालतं, पॉलिस्टरला नको. त्यात एन्झाइम असलेली पावडर घालून तासभर भिजवायचं. एन्झाइम म्हटल्यावर आमच्या सासूबाईंनी विचारलं होतं, "जिवंत असतात काय ते?" नसतात. जंतूंकडून करवून घेतलेली द्रव्यं आहेत, घाम आणि तेल तोडणारी. रेशमी किंवा लोकरीचं कापड मात्र त्यात घालू नका, त्याचाही फडशा पाडतील.

रात्रभर भिजत ठेवू नका. आपल्या जुन्या बायका ओलं कापड रात्रीचं ठेवू देत नसत, जीव पडतात म्हणायच्या. त्या बरोबर होत्या. सकाळपर्यंत त्या बादलीत जंतूंची वसाहत होते आणि कुबट वास वेगळाच चढतो.

बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा चिकटा कापडावर बसतो आणि वासाला घर मिळतं. अशा पाण्यात थोडा धुण्याचा सोडा आधी विरघळवायचा. शेवटच्या पाण्यात अर्ध्या बादलीला अर्धी वाटी व्हिनेगर. घाम थांबवणाऱ्या औषधातला ॲल्युमिनियमचा क्षार काखेत पिवळा, कडक होऊन बसतो तो आंबटानं सैल होतो. व्हिनेगर आंबवलेलं म्हणून कुणी घरात आणत नाही, तिनं लिंबूसत्व घ्यावं. खरं म्हणजे तेही कारखान्यात बुरशीकडूनच करवून घेतात, पण ते जाऊ दे; फारच असेल तर झाडाचं लिंबू पिळा. कापडावर पिळा, काखेत नको! आणि क्लोरीनच्या ब्लीचबरोबर आंबट कधीच नाही, त्यातून विषारी वायू निघतो.

कपडे मऊ करणारं ते सुवासिक निळं पाणी आम्ही बंदच केलं. ते धाग्यावर लेप देतं, आणि लेपाखाली वास तसाच राहतो. वर मोगरा, खाली काख. मशीन कपड्यांनी गच्च भरायचं नाही. वाळवायचं उलटं करून, उन्हात, काखा पसरून. पावसाळ्यात बेळगावकडं ऊन कुठलं, तर पंख्याखाली, पण लवकर वाळलं पाहिजे. माझ्या मते त्या दिवशीचा सगळा घोटाळा यातनंच वाढला होता. शिवाशिव नको म्हणून तिनं ते आतल्या अंधाऱ्या खोलीत दांडीवर टाकलं होतं, श्रावणात. रात्रभर दमट राहिलं. शुद्धीसाठीच.

तीन रविवारांनी इस्त्री टेकवून बघितलं. वास निम्म्यावर आला होता, गेला नव्हता. पॉलिस्टरमध्ये दोन-तीन वर्षं मुरलेला वास पुष्कळदा जातच नाही, हे मान्य करा आणि ते कापड फडक्याला घ्या. सुती ब्लाऊज घाला. तिनं घातलं. महिन्यात तिच्या काखेची कातडीही सुधारली, कारण तिनं लिंबू चोळायचं सोडलं. रोज घाला-काढायचे चार सुती ब्लाऊज शिवून घ्यायला तिला त्या फवाऱ्याच्या डब्यांपेक्षा कमी पैसे लागले.

इथं थांबले असते तर हा धुण्याचा लेख झाला असता. पण मला त्या पडवीतल्या खांबाचं बोलायचं आहे.

ज्यांच्या आहारासाठी तिला मागं सारलं त्या मुनींचं अस्नान हा अठ्ठावीस मूलगुणांतला एक गुण आहे. दीक्षा घेतल्यापासून ते अंघोळ करत नाहीत, आणि आपण त्यांच्या चरणांना डोकं लावतो. देह मलिन आहे, त्याच्या साजशृंगारात गुंतू नये, हे त्या व्रतातून आपल्याला शिकायचं असतं. ते शिकून आपण काय केलं? एका कष्टकरी मुलीच्या घामावरून तिला चौक्याबाहेर काढलं. महाराजांनी काढलं नाही. त्यांना कुणी विचारलंही नाही. आपण बायकांनीच काढलं.

आणि हे आजचं नाही. आचार्य कुंदकुंदांच्या सूत्रपाहुडात एक गाथा आहे. स्त्रीच्या योनीत, स्तनांच्या मध्ये, नाभीत आणि काखेत सूक्ष्म जीव असतात, तर तिला दीक्षा कशी मिळेल, असा तिचा आशय. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. काखेत सूक्ष्म जीव असतात हे शंभर टक्के खरं आहे. पण ते पुरुषाच्या काखेतही असतात. आचार्यांजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता, त्यांना दोष देत बसण्यात अर्थ नाही. आपल्याजवळ आहे. आपण आजही ती गाथा तशीच अर्थासकट वाचतो आणि कुणी हात वर करून विचारत नाही, की पुरुषांच्या काखेचं काय? विचारणारे पूर्वी होते. यापनीय संघ आपल्याच बेळगाव-धारवाडच्या मुलखात नांदला, आणि त्यातल्या शाकटायन आचार्यांनी नवव्या शतकात 'स्त्रीनिर्वाणप्रकरण' लिहून स्त्रीला मोक्षाचा अधिकार आहे असं ठणकावून मांडलं. सदलग्याच्या आ. ने. उपाध्यांनी या संघावर लिहून ठेवलंय. आपल्या स्वाध्यायात ते कधी येतं काय?

पुरुष शेतातून, दुकानातून, स्कूटरवरून घामेजून आला तर तो 'कष्टाचा घाम'. त्याच्या सदऱ्याची कॉलर आणि काख घासून देणारी बाई त्याचीच. तिच्या स्वतःच्या काखेला मात्र 'वास'. त्या दिवशी चौक्यात पाणी घालायला आलेल्या पुरुषांपैकी एकालाही कुणी हुंगलं नाही. नवऱ्याचा सदरा नवऱ्यानं उलटा करून काख घासावी, एवढं एक जरी घरोघरी सुरू झालं तरी त्यांना कळेल वास कुठं राहतो ते.

आणखी एक बोलते, हे कुणाला आवडणार नाही. भांडी-धुणं करणाऱ्या बाईचा कप आपण वेगळा ठेवतो आणि कारण विचारलं तर म्हणतो, "जात वगैरे आम्ही मानत नाही, खरं त्यांच्या अंगाला वास येतो की." दिवाळीला आपण तिला काय देतो? आपल्या जुन्या पॉलिस्टरच्या साड्या, वासासकट. त्या नेसून ती चार घरचं धुणं धुते. मग आपणच नाकाला पदर लावतो. आपला वास तिच्या अंगावर घालून त्याला तिचा वास म्हणायचं आणि तिला आत येऊ द्यायचं नाही. चौक्यातल्या त्या अक्कांनी सुनेला तेच केलं. त्या वाईट बाई नाहीत. माझ्या बाळंतपणात त्या रात्रभर माझ्या उशाशी बसल्या होत्या. पण हे बोलायची त्यांना लाज वाटली नाही, कारण वासाचं बोलायला आपल्यात लाज वाटतच नाही. लाज वाटायची ती जिला येतो तिला.

ती मुलगी अजून चौक्यात जात नाही. बस्तीत येते, मागं बसते. मी तिला पुढं ये म्हटलं तर म्हणाली, "काकू, आता वास नाही हे मला माहीत आहे, खरं त्यांना कोण सांगणार?"

मी अक्कांना सांगितलं. इस्त्रीसकट सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "माझंपण तसलंच ब्लाऊज आहे." आम्ही त्यांचं ब्लाऊज काढून इस्त्री लावली. वासाबद्दल इथं लिहीत नाही, त्यांनी परवानगी दिलेली नाही.

यंदाच्या चातुर्मासासाठी मंडळानं नवीन साड्या ठरवल्या आहेत. रंग मोरपंखी. कापड तेच. प्रत्येकीनं चारशे रुपये भरायचे आहेत, आणि मी अजून भरलेले नाहीत. शहापूरच्या एका दुकानातून सुती साड्यांचे भाव आणून मी खजिनदारबाईंना दिलेत. साठ रुपये जास्त पडतात.